अख्खा रोल

“या तोंडात पोकळी आहे,” मैंदर्गी वकील म्हणाले, “आणि त्या पोकळीत अख्खा देश मावलाय.”

ती पोकळी माझ्या बापाची होती.

बारा बाय पंधराच्या कागदावर बापू उकिडवा बसला होता. गाल आत गेलेले, तोंड उघडं, नजर वर. हनुवटीवरचं एकेक पांढरं खुंट मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. खाली पेन्सिलनं नाव लिहिलेलं : ‘भूक’. फोटो काढला होता डॉक्टर शिरीष वांगीकरांनी. छापला होता मी.

“किती दिवस खाल्लं नसेल हो यानं, डॉक्टर?” वकिलांनी विचारलं.

“मी विचारलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “मी कुणाला काही विचारत नाही. असा बस, तसा बस, हे तर कधीच नाही. क्षण येतो. मी तिथं हजर असतो, इतकंच.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

साल एक्याण्णव. सोलापुरातला वैशाख, रविवारची सकाळ, आणि दहालाच डांबर वितळायला लागलेलं. आमचं ठिकाण म्हणजे वांगीकरांचा दातांचा दवाखाना. रविवारी पेशंट नसत, म्हणून महिन्यातून एकदा तिथं छायाचित्र मंडळाची बैठक भरायची. खिडकीपासून औषधांच्या कपाटापर्यंत दोरी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवायचे आणि त्याखाली बसून एकमेकांची तारीफ करायची. सभासद अकरा. त्या दिवशी उन्हामुळं आले होते तीन. डॉक्टर स्वतः, म्हणजे अध्यक्ष. मैंदर्गी वकील, जे फोटो वर्षाला चार काढायचे आणि त्यांवर चारशे वेळा बोलायचे. आणि शैलाबेन दोशी. त्या आपल्या गच्चीवरच्या गुलाबांचे फोटो काढत, म्हणून त्यांना कुणी मोजत नसे.

चौथा मी. सभासद नव्हतो. खुर्च्या तीनच होत्या, त्यामुळं मला पेशंटची खुर्ची मिळाली. तिचा खटका ढिला होता. जरा हललं की ती मागं कलायची आणि आपण छताशी बोलायला लागायचो.

मी साखर पेठेतल्या एका स्टुडिओत डार्करूमचं काम करायचो. नऊ वर्षं झाली होती. मंडळातल्या प्रत्येकाचा रोल माझ्या हातून गेलेला. हे लोक बटण दाबणार. मी अंधारात रोल धुणार, वाळवणार, छापणार, कडेचं नको ते कापणार. फोटो चांगला आला तर यांची नजर. वाईट आला तर माझं डेव्हलपर शिळं. वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन असायचं. तिथं खिळे ठोकायला मीच. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या फोटोंसाठी खिळे ठोकले. त्यातल्या एका खिळ्यावर मला माझा फोटो टांगायचा होता. त्यासाठी सभासद व्हावं लागे, आणि सभासद होण्यासाठी अख्खा रोल दाखवावा लागे.

हा नियम डॉक्टरांचा. रोल धुतला की त्याच्या पट्ट्या कागदावर तशाच ठेवून एक छाप काढतात. तिकिटाएवढे छत्तीस फोटो, काढले त्याच क्रमानं, एकाच कागदावर. त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. त्यात काही लपत नाही. कुठं चुकलात, कुठं घाबरलात, एका बाईचे किती फोटो काढलेत, सगळं दिसतं. डॉक्टर म्हणायचे, “एका फोटोत माणूस खोटं बोलू शकतो. छत्तीसमध्ये नाही.” वाक्य खरं होतं. फक्त डॉक्टरांनी स्वतःचा अख्खा रोल कधी कुणाला दाखवला नव्हता. संस्थापकांना नियम लागू नसतात.

पण मी पाहिला होता. मंगळवारी.

मंगळवारी दुपारी मी त्यांच्या रोलची कॉन्टॅक्ट शीट काढत होतो. ट्रेमध्ये कागद हलवला, आणि लाल दिव्याखाली छत्तीस बापू हळूहळू वर आले. पहिल्या नऊमध्ये तो हसत होता. वरची कवळी घालून, नवीन इस्त्रीचा शर्ट, भाच्याच्या बारशाला आल्यासारखा. दहाव्यात कवळी हातात. अकराव्यात शर्ट काढलेला, बनियनवर. बाराव्यापासून हा उपाशी. आणि बाजूला पायरीवर स्टीलचा पेला, त्यात कवळी.

संध्याकाळी डॉक्टर आले. शीटकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, “राजू, सतरा नंबर मोठा कर. आणि डावीकडचं तेवढं कापून टाक.”

डावीकडं पेला होता. मी कापला. हे मी सांगतोय, कारण पुढं मी जो सोवळेपणाचा आव आणला तो किती खरा होता ते तुम्हाला कळायला हवं.

हा म्हातारा माझा बाप आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. नऊ वर्षं मी त्यांच्यासाठी राजू होतो. राजेशम दुडम हे नाव मंडळाच्या अर्जावर लिहून दिलं होतं, पण अर्ज वाचायचा असतो.

घरी आलो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, मी इथं मराठीत सांगतो. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बापू आमटीत भाकरी कुस्करत होता.

“वांगीकर डॉक्टरकडं फोटो काढून घेतलास?”

“घेतला.”

“दात काढून?”

“वरचेच. खालचे आहेत कुठं अजून? या आठवड्यात देणार म्हणालाय. खालची कवळी फुकट, फोटोच्या बदल्यात.”

“लाज नाही वाटली?”

बापूनं कुस्करणं थांबवलं. “शेंगाची चटणी मी शेवटची कधी चावून खाल्ली, सांग.”

मला आठवेना.

“मलापण आठवत नाही. एका हातानं टाळी वाजत नाही नि एका कवळीनं भाकरी तुटत नाही. ज्येष्ठात तुझ्या मामाच्या पोरीचं लग्न आहे. मटण आहे. खालची येईपर्यंत तू त्या डॉक्टरपुढं तोंड उघडायचं नाहीस. नंतर काय शिव्या द्यायच्या त्या दे.”

“ऐक त्याचं,” आई विडी बांधत म्हणाली. “दोन वर्षं मी या माणसासाठी सगळं मऊ शिजवून देतेय. बाळंतपणं सोपी होती.”

मी कबूल झालो. पाच दिवस तोंड बंद ठेवलं. डार्करूममध्ये एकटा असलो की मात्र भाषण करायचो. ‘डॉक्टर, तुम्ही गरिबाचे दात काढून घेतले आणि त्याच्या रिकाम्या तोंडाचा बाजार मांडला.’ असं बरंच. रोज एक वाक्य वाढायचं.

आणि रविवारी वकिलांनी विचारलं, किती दिवस खाल्लं नसेल हो यानं.

“चला, आता राजूचा रोल,” डॉक्टर म्हणाले. “आण रे. घाबरू नकोस, आम्ही काय खाणार नाही तुला.”

माझ्या पिशवीत दोन पाकिटं होती. एकात माझी कॉन्टॅक्ट शीट, एकात डॉक्टरांची. दुसरी का घेऊन आलो होतो, हे त्या क्षणापर्यंत मी स्वतःला विचारलं नव्हतं. मी उठलो, डॉक्टरांची शीट काढली आणि ‘भूक’च्या शेजारी चिमट्याला लावली.

शैलाबेन भिंग घेऊन पुढं झाल्या. गुलाबांवरची कीड बघायची सवय, त्यामुळं भिंग नेहमी पर्समध्ये.

“अगोबाई, हा तर तोच माणूस,” त्या म्हणाल्या. “पण वकीलसाहेब, याला दात आहेत की.”

“कुठं? दाखवा.”

“चार नंबर बघा. पाच बघा. आठमध्ये तर डोळा मारतोय.”

वकिलांनी भिंग घेतलं. “दहामध्ये दात हातात.”

“आणि चौदामध्ये पेल्यात.”

वकिलांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे डॉक्टर,” ते म्हणाले, “देश पेल्यात आहे.”

डॉक्टर लाल झाले. “हा माझा रोल आहे! राजू, हा चोरीचा प्रकार आहे. तुझा रोल कुठाय?”

“नियम सगळ्यांना एक ना, डॉक्टर? अख्खा रोल. छत्तीसमध्ये खोटं बोलता येत नाही.”

“नियम नवीन माणसांसाठी असतो!”

“मग हा नवीन माणूस तुम्हाला नवीन गोष्ट सांगतो,” मी म्हणालो. आवाज चढला होता. भाषण लांबलचक होतं, म्हणून ऐटीत खुर्चीत बसलो, आणि तिथंच चूक झाली. “हा माणूस उपाशी नाही. हा भिकारी नाही. हा मल्लेशम दुडम, चाळीस वर्षं माग चालवलेला विणकर, आणि हा माझा बाप आहे! तुम्ही एका गरिबाचे दात...”

खटका सुटला. खुर्ची मागं गेली. पाच दिवस अंधारात घासून धारदार केलेली माझी वाक्यं मी उताणा पडून सीलिंग फॅनला ऐकवली. “...काढून घेतले, आणि त्याच्या रिकाम्या तोंडाचा...”

“राजेशम!”

मान वळवून बघितलं. दारात बापू उभा. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात पेशंटचं कार्ड. फुकटचं काम म्हणून डॉक्टरांनी रविवारचीच अकराची वेळ दिली होती, कवळी बसवायला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

“माझी खालची कवळी अजून हातात नाही, नि तू इथं झोपून भांडलालास?” बापू मराठीत म्हणाला. घरातलं भांडण तेलुगूत असतं. मराठी म्हणजे चार लोकांना ऐकू जायला पाहिजे होतं.

“बापू, यांनी तुझे दात काढायला लावले...”

“कोण म्हणलं?”

शैलाबेननी खटका दाबून मला उठवून बसवलं.

“डॉक्टर म्हणले, मालक, हसा,” बापू सांगायला लागला. तो आता दोरीखाली, खोलीच्या मध्यभागी आला होता, आणि ती जागा त्याला आवडली होती. “हसलो. परत हसा म्हणले. परत हसलो. नऊ डाव हसलो. डॉक्टरांचं तोंड पडत चाललं. काय की, हसणारा म्हातारा चालत नसंल यांच्यात. मला त्यांची दया आली. मीच म्हणलो, थांबा, तुम्हाला काय पाहिजे ते कळलं मला. कवळी काढली. शर्ट काढला, कवळी पेल्यात टाकली. नि हे केलं.”

त्यानं तिथंच वरची कवळी काढली, शैलाबेनच्या हातात दिली, गाल आत ओढले आणि नजर वर नेली. दोरीवरचा फोटो आणि खालचा बापू, हुबेहूब. वकिलांच्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं.

“हे तोंड माझं जुनं आहे,” बापू कवळी परत घेऊन, बसवून म्हणाला. “शेठकडं रजा मागायला जाताना हेच करायचो. चाळीस वर्षांत एकदाबी रजा नाकारली नाही. तुम्ही म्हणलालाय देश आहे त्यात. असंल बुवा. आम्हाला तर चार-चार दिवसच मिळायचे.”

शैलाबेन हसल्या. मग वकील. मग, फार मागून, डॉक्टरसुद्धा. मी हसलो नाही. माझा राग होता तो, आणि माझ्याच बापानं तो भर बैठकीत माझ्या हातातून काढून घेतला होता.

“पण मालक,” वकील म्हणाले, “तुमची हरकत आहे का, हा फोटो प्रदर्शनात लागायला?”

“फोटोला कशाला हरकत? झकास आलाय. ते खाली काय लिहिलंय?”

“‘भूक’.”

“हे चालणार नाही. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाऊन आलतो. कुस्करून, पण दोन. पाव्हण्यारावळ्यांत माझं नाव खराब हुतंय. काय लिहायचं असंल तर माझं नाव लिहा. मल्लेशम नागनाथ दुडम. विणकर. जोडभावी पेठ.”

“नुसतं नाव?” डॉक्टर कळवळले. “अहो, पण मग त्यात अर्थ काय राहिला?”

“मी राहिलो की,” बापू म्हणाला.

वकिलांनी खिशातून पेन काढलं आणि ‘भूक’ खोडलं. मग ते म्हणाले की मंडळाचा हा अख्ख्या रोलचा नियम घटनात्मक दृष्ट्या पाहता सर्व सभासदांना समान लागू व्हायला हवा, तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकानं आपापला एकेक रोल आणावा. दोन मिनिटांनी त्यांनीच सुचवलं की नियम रद्द करावा. तीन विरुद्ध शून्य मतांनी तो रद्द झाला. डॉक्टरांचा हात सगळ्यांत आधी वर होता.

“तरी मला याचा रोल बघायचाय,” शैलाबेन म्हणाल्या. “नियम म्हणून नाही. आणलायस ना, राजेशम?”

मंडळात त्यांनीच पहिल्यांदा मला माझ्या नावानं हाक मारली. मी पाकीट उघडलं, माझी शीट लावली. खरं सांगायचं तर गुर्मी होती मला. दोन महिने एकेक फोटो जपून काढला होता. मागाचे दांडे आणि त्यांतून येणारी उन्हाची तिरीप. आडव्या धावणाऱ्या धोट्याची हलती रेघ. भिंतीवर सावली. सुताची लडी, पाण्याचा माठ, चपला. वकील ‘वा’ म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “टोन बरे आहेत,” आणि डॉक्टरांच्या तोंडून हे निघणं म्हणजे काय ते मलाच माहीत.

बापूनं भिंग घेतलं. एकेका फोटोवर बोट ठेवत गेला. शाळेत पहिलीचं पोर वाचतं तसं. छत्तिसाव्यावर पोचला, परत पहिल्यावर आला.

“ह्यो आपलाच माग.”

“हो.”

“ही सावली कुणाची?”

“तुझी.”

“बरं. आणि हे हात?”

“आईचे. विड्या वळतानाचे.”

“तोंड कुठाय तिचं?”

“हातच घेतलेत, बापू. तसं घेतात.”

“का बे? तोंडाला काय झालतं तिच्या?”

माझ्याकडं उत्तर होतं. याच खोलीत, याच दोरीखाली नऊ वर्षं ऐकलेलं उत्तर. श्रमाचे हात, निनावी हात, वगैरे. ते माझ्या जिभेवर होतं. बापूच्या तोंडाकडं बघून ते बोलता येईना.

“घरातल्या चपलाबी हायत ह्यात,” बापू म्हणाला, आता कुणाला ऐकवायला नाही, स्वतःशीच. “माठ हाय. मी न्हाई.” मग माझ्याकडं वळला. “नऊ वर्षं फोटोच्या धंद्यात हायस. एकदा तरी म्हणलास का, बापू, उभा राहा, काढतो? डॉक्टर म्हणले. म्हणून उभा राहिलो.”

चिडून म्हणाला असता तर मी भांडलो असतो. तो चिडला नव्हता. भिंग शैलाबेनना परत दिलं, टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि मला म्हणाला, “ऊठ आता तिथनं. खुर्ची माझी हाय.”

मी उठलो. बापू आडवा झाला. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या, हात धुतले, डबीतून खालची कवळी काढली. बसवून बघितली, काढली, कानशीनं घासली, परत बसवली. असं सात-आठ वेळा. “इथं टोचतंय? आता? खरं सांगा, मालक, लाजू नका.” तासभर तो माणूस माझ्या बापाच्या तोंडात बघत राहिला. घाम पुसायलाही थांबला नाही. मी त्याला नऊ वर्षं शिव्या घालत आलो होतो आणि आजही घालतो, पण तेवढा तास मला एकही शिवी सुचली नाही.

मी सभासद झालो. शैलाबेननी नाव सुचवलं, वकिलांनी अनुमोदन दिलं, डॉक्टर म्हणाले, “माझा विरोध नाही,” आणि खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी बापूला उंबऱ्यावर बसवलं आणि अख्खा रोल काढला. शीट घेऊन आलो. बापू शेंगदाणे चावत होता, दिवसभर तेच चाललं होतं त्याचं. त्यानं शीट बघितली.

“ह्या सगळ्यांत मी पोलिसानं धरल्यासारखा दिसलालोय.”

“तू हललास.”

“डॉक्टरचा चांगला होता,” बापू म्हणाला, आणि मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले.

होताच. आईचाही एक काढला, तोंडासकट. तिचे डोळे मिटलेले आले. तिचा जन्मातला पहिला फोटो, आणि तोही डोळे मिटून.

लग्न झालं, मटण झालं. श्रावणात प्रदर्शन भरलं. खिळे मीच ठोकले. माझे फोटो निवडले गेले नाहीत, ते बरोबरच होतं. बापूचा मात्र दाराच्या समोरच लागला. खाली पाटी : मल्लेशम नागनाथ दुडम, विणकर. डॉक्टरांनी पाटी आपल्या हातानं लिहिली होती, अक्षर कोरून.

बापू तिन्ही दिवस आला. इस्त्री करून, दोन्ही कवळ्या घालून, आपल्या फोटोखाली उभा. येणाऱ्याला सांगायचा, हा मी. लोक फोटोकडं बघायचे, त्याच्या बत्तीस दातांकडं बघायचे आणि हसून पुढं जायचे. मग तो भडकायचा. तिसऱ्या दिवशी एका मास्तरांनी तर तोंडावर सांगितलं, “आजोबा, म्हातारपणी खोटं बोलू नये.”

“खोटं?” बापू ओरडला. “थांबा. जाऊ नका. राजेशम, धर ह्याला!”

आणि त्यानं भर हॉलमध्ये दोन्ही कवळ्या काढल्या. एका हातात वरची, एका हातात खालची, गाल आत, नजर वर. मागं भिंतीवर तोच. मास्तर तोंड वासून उभे, आता तिघांचीही तोंडं सारखीच. खिडकीतून उजेड नेमका बापूच्या कानशिलावर आला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. असं चित्र पुढच्या तीस वर्षांत मला पुन्हा दिसलं नाही, आणि दिसणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. बोट बटणावर होतं.

बापूनं मला बघितलं. गडबडला. दोन्ही हात तोंडाशी नेले.

“थांब बे,” तो बोळक्या तोंडानं म्हणाला. “दात घालू दे.”

मी कॅमेरा खाली घेतला आणि थांबलो.